इकडे

नवी पेठ, तिसरा मजला, लुंकडांची अभ्यासिका.
एकशे चौदा खुर्च्या, प्लायवूडचे कप्पे,
प्रत्येक कप्प्यात एक टेबलफॅन, एक तालुका.
भिंतीवर पाटी : शांतता राखा.
आणि मी शिडीवर, हातात ड्रिल.

लुंकड म्हणाले, भोंगा आहे की आधीचा.
आहे. पण भोंगा नुसतं म्हणतो, पळा.
कुठे, ते सांगत नाही.
त्याचा एकच सूर भिंतींवर आपटून
चहूकडून येतो, कानाला पत्ता लागत नाही.
मी दारावर बसवते ते गात नाही, बोलत नाही,
फक्त खसखसतं,
पत्र्यावर वाळू ओतावी तसं,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसं.
त्यात बारीक-जाड सगळे सूर एकदम असतात,
म्हणून एका कानाला आधी, दुसऱ्याला केसभर उशिरा पोचलं
की मान आपसूक वळते.
डोळ्यांना विचारावं लागत नाही.

हे मी गिऱ्हाइकांना पाठ म्हणून दाखवते.
माझा स्वतःचा डावा कान
सातव्या वर्षी गालगुंडात गेला,
ते सांगत नाही.

रविवारी सकाळी चाचणी.
धुराचं मशीन मंडळाकडून मागून आणलेलं,
जाळीत अजून मागच्या विसर्जनाचा गुलाल.
दिवे घालवले. गोडसर वासाचा धूर
गुडघ्याला, छातीला, मग डोक्यावरून.
भोंगा वाजला तशी सगळी पोरं
रोजच्या जिन्याकडे,
चपलांच्या ढिगात अडकली.
कुणीतरी हसलं. मग कुणी हसेना.
चार मिनिटं दहा सेकंद.

दुसऱ्या फेरीला भोंगा बंद,
मागच्या दारावरची खसखस सुरू.
क्षणभर काहीच नाही.
मग खुर्च्या सरकल्याचा आवाज,
आणि पावलं, सगळी एकाच बाजूला,
उतार सापडलेल्या पाण्यासारखी.
पन्नास सेकंदांत पोचली.
दाराला कुलूप.

आवाज खरं सांगत होता.
किल्ली लुंकडांच्या भाच्याकडे, भाचा लोणावळ्याला.
"एरवी तिकडून कोणी जात नाही हो."
खिडक्या उघडल्या, खोकले थांबले,
कोपऱ्यावरच्या वेल्डरने कुलूप कापलं.
पलीकडे जिन्यावर पाण्याचे वीस जार,
जुन्या प्रश्नसंचांचे गठ्ठे,
एक मांजर, तिची तीन पिल्लं.
पोरांनीच हातोहात सगळं उतरवलं.
मांजर शेवटी, तिच्या मर्जीने.

तिसऱ्या फेरीला मी आत राहिले.
धूर दाटला, खसखस सुरू झाली, उजवीकडून.
मला जग उजवीकडूनच येतं.
वळले, तरी उजवीकडे.
आणखी वळले. प्लायवूडची कड खांद्याला लागली.
नकाशा मी काढलेला, स्क्रू मी पिळलेले,
आणि दार मला सापडेना.
आजूबाजूने सगळे मला ओलांडून जात होते
जिथे मी त्यांना बोलावलं होतं तिथे.

कुणीतरी मनगट धरलं.
"मॅडम, इकडे."
घामेजलेला हात, बोटाला जेलपेनची शाई.
इकडे म्हणजे कुठे, मी विचारलं नाही.

खाली गल्लीत उन्हात कळलं,
भागवत ढेकळे, जिंतूरचा, तिसरा प्रयत्न.
"तुम्हीच बसवलंय ना ते?
मग उलट्या कुठं निघाला होता?"
मी केस मागे सारून कान दाखवला.
त्याने मान हलवली,
चुकलेलं उत्तर तपासून पुढे जावं तशी,
आणि चहाचा कप माझ्या उजव्या बाजूला येऊन धरला.

अहवालात मी लिहिलं : उपकरण चोख.
त्याखाली आणखी एक ओळ, जी कुठल्याच नियमात नाही :
शेजारच्या कप्प्यात कोण बसतं, ते माहीत असू द्या.

लुंकडांनी पूर्ण वाचलं, सही केली.
बिलातून कुलपाचे साडेतीनशे कापले.